तुमची काही अट?

नारायण पेठेतला मोदी गणपती पुण्यात कुणालाही विचारा, रस्ता सांगेल. पण या गणपतीच्या नावातला मोदी कोण, असे विचारले तर पेठेत जन्म गेलेली माणसेही क्षणभर थबकतात. हा मोदी म्हणजे खुश्रूशेट मोदी, धर्माने पारशी. उत्तर पेशवाईत त्याची बाग या भागात होती आणि त्या बागेवरून देवाला हे नाव पडले, असे सांगितले जाते. देव हिंदूंचा, बाग पारशाची आणि बागवाल्याची चाकरी इंग्रजांकडे! कर्मठ समजल्या जाणाऱ्या पेठेत असा तिहेरी पत्ता आजही उभा आहे.

खुश्रूशेट पुण्याच्या इंग्रज रेसिडेन्सीत आधी कर्नल क्लोज आणि नंतर एल्फिन्स्टन यांच्या हाताखाली होता. दरबाराचे म्हणणे साहेबाला समजावायचे आणि साहेबाचे म्हणणे दरबाराच्या गळी उतरवायचे, हे त्याचे काम. असे काम नुसते शब्द बदलून होत नाही. दरबार 'पाहू' म्हणाला तर त्यात होकार किती आणि नकार किती, साहेब गप्प बसला तर तो विचारात आहे की रागात, हे ज्याला उमजते तोच या कामाचा. दुसऱ्या बाजीरावाची त्याच्यावर इतकी मर्जी बसली की त्याने त्याला कर्नाटकाची सरसुभेदारीही दिली. मग मात्र दोन्हीकडून एकच प्रश्न येऊ लागला : हा माणूस नक्की कुणाचा? दोहोंपैकी एक चाकरी निवड, असे त्याला सांगण्यात आले. त्याने रेसिडेन्सी निवडली. पण संशय मिटला नाही. १८१५ साली विषाने त्याचा अंत झाला. ते त्याने स्वतः घेतले की दुसऱ्या कुणी घातले, यावर आजही एकमत नाही.

आजच्या कंपन्यांच्या भाषेत बोलायचे तर खुश्रूशेट हा 'क्रॉस कल्चरल कम्युनिकेशन'चा तज्ज्ञ होता. दोन संस्कृतींमधला संवाद हेच त्याचे पोट. आम्हांला त्याची गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण मधल्या माणसाचे कौशल्य आणि मधल्या माणसाचे हाल हे दोन्ही मराठी मुसलमानाच्या ओळखीचे आहेत.

आम्ही दोघे नवरा-बायको. एक मिरजेचा, एक दापोलीची. २००८ पासून नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर इंग्रजी संभाषणाचा आणि मुलाखतीच्या तयारीचा वर्ग चालवतो. आमच्याकडे सोलापूर, लातूर, नांदेड, महाड अशा गावांतून मुले येतात. सर्व जातिधर्मांची येतात, पण आमच्या नावांमुळे म्हणा, मुस्लिम मुले-मुली जरा जास्त. पदवी हातात असते, संगणक येतो, इंग्रजी वाचता येते. अडते ते पुढे. समोर जर्मन माणूस बसला, दूरध्वनीवर अमेरिकी बाई आली, जपानी पाहुणे कारखाना पाहायला आले की जीभ टाळ्याला चिकटते.

पुण्याला परदेशी माणसाबरोबर काम करणे नवे नाही. जागतिकीकरण १९९१ नंतर आले असे आपण म्हणतो, पण त्याआधी कितीतरी वर्षे दापोडीत स्वीडिश कंपन्यांचे कारखाने होते आणि १९६२ साली किर्लोस्करांनी अमेरिकी कमिन्सबरोबर इंजिनांचा उद्योग सुरू केला होता. पुढे हिंजवडी झाली, मगरपट्टा झाला, चाकणला फोक्सवॅगनसारख्या जर्मन मोटारींचे कारखाने आले. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्समुल्लर भवनात परकीय भाषा शिकणाऱ्यांची गर्दी वाढली. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर जपानी उद्यान झाले आणि त्याला नाव मिळाले पु. ल. देशपांडे यांचे. पुणेकरांनी जपानशी मैत्री केली तीही स्वतःच्या अटीवर!

या कंपन्या नव्या माणसांना दोन दिवसांचे प्रशिक्षण देतात. पडद्यावर चित्रे येतात. जपान्याला वाकून नमस्कार करा आणि त्याचे कार्ड दोन्ही हातांनी घ्या. जर्मन माणसाच्या बैठकीला पाच मिनिटे आधी पोचा. अमेरिकी माणसाला 'सर' म्हणू नका, नावाने हाक मारा. हे सारे उपयोगाचे आहे, आम्हीही शिकवतो. यामागचे शास्त्रही पन्नास-साठ वर्षांचे आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९५९ साली 'द सायलेंट लँग्वेज' हे पुस्तक लिहिले आणि १९७६ च्या 'बियॉण्ड कल्चर'मध्ये समाजांचे दोन टोकांचे प्रकार मांडले. काही समाजांत जे सांगायचे ते सगळे शब्दांत सांगतात. काही समाजांत निम्मे बोलणे न बोलताच समजून घ्यायचे असते. जर्मन पहिल्या टोकाला, जपानी आणि अरब दुसऱ्या. पुढे गीर्त हॉफस्टेड या डच अभ्यासकाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या अभ्यासल्या आणि १९८० साली देशांचे तक्ते मांडले. कुठे साहेबाचा धाक जास्त, कुठे 'मी' मोठा, कुठे 'आपण' मोठे.

या तक्त्यांत भारताची ओळ एकच असते. नारायण पेठ आणि दापोली एका ओळीत. मिरज आणि दापोलीसुद्धा एका ओळीत! आमच्या घरात ज्वारीची भाकरी आणि तांदळाची भाकरी हा वाद लग्नानंतर तीन वर्षे चालला. दोघेही मुसलमान, दोघेही मराठी शाळेत शिकलेले. पण एकाच्या घरी दखनी बोलत, दुसरीच्या घरी कोकणी. मिरजेचे 'नक्को' आणि दापोलीचे 'नको' यांत एका अक्षराच्या जोराचा फरक, पण त्या जोरावरून आमच्यात दोनदा अबोला झाला आहे. तेव्हा देशाच्या तक्त्यावरून माणूस ओळखता येतो, यावर आमचा फारसा विश्वास नाही.

उलट, या बाबतीत आपली मुले मागासलेली नाहीत, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. लातूरच्या मुलाचा दिवस पाहा. घरी दखनी, गल्लीत मराठवाडी मराठी, शाळेत पुस्तकी मराठी, मदरशात उर्दू आणि अरबीची अक्षरे, कॉलेजात इंग्रजी. 'सलाम', 'नमस्कार' आणि 'गुड मॉर्निंग' यांतले कुठे काय, हे त्याला कुणी शिकवलेले नसते. पुण्यात आला की तो पंधरा दिवसांत 'लई'चे 'खूप' करतो. ज्याला कंपन्या कौशल्य म्हणतात ते तो पाचव्या वर्षापासून वापरतो आहे. आपली मराठीही अशाच कामाच्या देवाणघेवाणीतून घडली. अर्ज, हजेरी, रजा, हुद्दा, दप्तर, तारीख हे शब्द फारसी-अरबीतून आले. आणि सगळ्यांना प्रिय असलेला 'पगार' पोर्तुगीजांकडून. पारसनीस हे आडनाव फारसी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्याचे. कोकणातला खलाशी बोटीवर जगभर फिरला. केपटाउनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती एकोणिसाव्या शतकापासून आहे. कुवेत-दुबईला गेलेल्या आपल्या माणसांनी मिसरी फोरमन, फिलिपिनो कारकून आणि मलबारी स्वयंपाकी यांच्यात आयुष्ये काढली. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिले नाही.

मग अडते कुठे? आमचे उत्तर असे : आपण जुळवून घ्यायला शिकलो, सांगायला शिकलो नाही. समोरच्याचा रंग पाहून आपला रंग उतरवायचा, ही आपली सवय. डबा उघडताना झाकण अर्धेच उघडायचे. शुक्रवारी 'जरा बँकेत जाऊन येतो' म्हणायचे. रोजा असताना कुणी बिस्किट पुढे केले तर 'भूक नाही' म्हणायचे. यात खोटेपणा नाही, संकोच आहे; आणि त्या संकोचामागे कारणेही आहेत. पण याला संवाद म्हणता येणार नाही. हे लपणे झाले.

वर्गासाठी जागा शोधताना ही गोष्ट आम्हांला नीट समजली. पुण्यात मुसलमानाला जागा मिळणे किती कठीण, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही तीन महिने फिरलो. कुणी अपमान केला नाही. उलट सगळे फार गोड बोलले. चहा दिला, मिरजेच्या सतारींची चौकशी केली, आणि नाव ऐकल्यावर म्हणाले, 'बघतो, कळवतो'. कुणी कळवले नाही. शेवटी नारायण पेठेतल्या या वाड्याच्या मालकीणबाईंकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, नऊवारी, हातात वर्तमानपत्र. दारावर पाटी : दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.

"नाव काय म्हणालात?" आम्ही पुन्हा सांगितले.

"म्हणजे मुसलमान."

"हो, आजी."

"इथं राहणार, की नुसता क्लास?"

"नुसता क्लास."

"मटण-बिटण शिजणार नाही ना?"

"इथं चहासुद्धा शिजणार नाही."

"चहा मी देईन, त्याचं काही नाही. दुपारी एक ते चार जिन्यात आवाज नको. भाडं पाच तारखेच्या आत. तुमची काही अट?"

तीन महिन्यांत हा प्रश्न आम्हांला कुणी विचारला नव्हता. आम्ही म्हणालो, "शुक्रवारी दुपारी एक ते अडीच वर्ग बंद राहील. नमाजाची वेळ असते."

"तसाही तो माझ्या झोपेचाच वेळ. सोयीचं झालं," म्हणाल्या, आणि किल्ली आणायला आत गेल्या.

पुणेरी पाटीची थट्टा सारा महाराष्ट्र करतो. हॉलसाहेबांना कुणी नारायण पेठेत आणले असते तर त्यांनी या पेठेला जर्मनीशेजारी बसवले असते. सगळे शब्दांत, तेही पाटीवर रंगवून! पण त्या गोड बोलणाऱ्यांपेक्षा ही पाटी आम्हांला जास्त सभ्य वाटली. पाटीवाल्याचे नियम माहीत होतात. त्याला आपले नियम सांगता येतात. 'बघतो' म्हणणाऱ्याला काहीच सांगता येत नाही. अर्थात एका आजींमुळे शहर बदलले, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे बरेच विद्यार्थी आजही कोंढव्याहून बस बदलत वर्गाला येतात, कारण पेठेत त्यांना खोली मिळत नाही. कंपनी जपान्यापुढे किती वाकायचे ते शिकवते. पण त्याच कंपनीतल्या मुलाने घरमालकापुढे किती वाकायचे, याची चित्रे तिच्याकडे नसतात.

आजींच्या प्रश्नावरून आम्ही आमचा वर्ग नव्याने बांधला. कोणत्याही देशाच्या माणसाबरोबर काम करायचे तर दोन गोष्टी लागतात. आपली अट स्वच्छ शब्दांत, वेळेवर सांगणे. आणि समोरच्याची अट विचारणे. बाकीचे रीतिरिवाज त्यातून शिकता येतात.

सांगण्यातला पहिला धडा 'नाही' म्हणण्याचा. आपण साहेबाला 'येस' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'ऐकले' एवढाच असतो. तिकडचा माणूस तो 'होईल' असा घेतो. मराठीत 'बघू' आहे, आपल्याकडे 'इन्शाअल्लाह' आहे. खरे तर 'इन्शाअल्लाह' म्हणजे पक्का इरादा. पुढचे अल्लाहच्या मर्जीवर. पण आपण तो टाळण्याचा शब्द करून टाकला. मुलांना आम्ही सांगतो, जमणार नसेल तर 'बुधवारी जमणार नाही, शुक्रवारी सकाळपर्यंत देतो' असे म्हणा. नकाराच्या शेजारी लगेच तारीख ठेवा. तारीख पाळायची असेल तर मनात 'इन्शाअल्लाह' जरूर म्हणा.

दुसरा धडा नावाचा. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी पद्धत. परदेशी अर्जावर दोनच चौकटी. मग वडील आडनावात जातात किंवा आडनाव हरवते. 'अब्दुल रहमान' म्हणजे रहमानचा, त्या दयावंताचा, दास. अमेरिकी सहकारी प्रेमाने 'अब्दुल' म्हणतो. म्हणजे 'चा दास' एवढेच उरते! मुलगा वर्षभर ऐकून घेतो, कारण सांगायचा संकोच. तो पहिल्याच दिवशी 'मला रहमान म्हणा' किंवा 'पूर्ण नाव घ्या' असे म्हणाला असता तर समोरचा आनंदाने ऐकता, कारण त्यालाही चुकायचे नसते. उलट बाजूही आहे. जर्मन भाषेत आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे दोन शब्द आहेत, हे कळले की मराठी मुले हरखतात. ज्या मुलाला साहेबाला नुसत्या नावाने हाक मारणे जड जाते, त्याला जर्मन माणसाचे आडनावाने बोलावणे घरचे वाटते.

तिसरा धडा रोज्याचा. २०१५-१६ च्या सुमारास रमजान जूनमध्ये येत होता. तेव्हा आमचा एक विद्यार्थी कामासाठी हॅम्बर्गला होता. पुण्यातला उन्हाळी रोजा साधारण चौदा तासांचा, तिथला अठरा तासांच्या वर. त्याने आम्हांला विचारले, साहेबाला सांगू की नको? आम्ही त्याच्याकडून चार वाक्ये लिहून घेतली. 'पुढचा महिनाभर मी रोजे धरणार आहे. कामाचे तास तेवढेच राहतील. दुपारच्या जेवणाच्या वेळी मी काम करीन आणि तेवढा वेळ लवकर निघेन. अवघड विषयाची बैठक सकाळी ठेवली तर बरे पडेल.' यात धर्माचे प्रवचन नाही, माफी नाही, तक्रार नाही. काय करणार, काय बदलणार नाही आणि काय हवे, एवढेच आहे. साहेबाने एकच प्रश्न विचारला : पाणीसुद्धा नाही? 'पाणीसुद्धा नाही' असे उत्तर गेले आणि महिनाभर बैठका सकाळी झाल्या. वेळ सांगितली की समोरचा कामाला लागतो. भावना सांगितली की तो गोंधळतो.

आणि आठवड्याची सुट्टी कधी, हेसुद्धा मुस्लिम देशांत एकसारखे नाही. सौदी अरबस्तानने २०१३ साली गुरुवार-शुक्रवारची सुट्टी शुक्रवार-शनिवारवर आणली. संयुक्त अरब अमिरातीत सरकारी कचेऱ्यांनी २०२२ पासून शनिवार-रविवार धरला आणि शुक्रवार अर्धा दिवस ठेवला. ज्याला 'आपले' म्हणून गृहीत धरतो त्यालाही विचारावे लागते, ते असे.

महाडच्या एका मुलीचा प्रश्न जास्त नाजूक होता. ती परपुरुषाशी हस्तांदोलन करीत नाही. मुलाखत होती चाकणच्या एका परदेशी कंपनीत. घरचे म्हणाले, अशा ठिकाणी जाऊच नकोस. मैत्रिणी म्हणाल्या, एकदा हात दिलास तर काय बिघडले? आम्ही दोन्ही मते बाजूला ठेवली. निर्णय तिचा होता. आमचे काम तो नीट सांगायला शिकवण्याचे. हात पुढे आल्यावर आपला मागे घेतला तर समोरच्याला तो तिरस्कार वाटतो. म्हणून हात येण्याआधीच, दारातून आत पाऊल टाकताच, उजवा हात छातीवर, मान किंचित झुकलेली, चेहऱ्यावर हसू आणि स्पष्ट आवाजात 'गुड मॉर्निंग'. हे तिने आमच्या माडीवर पंचवीस वेळा केले. मुलाखतीत तिघे होते. तिघांनीही छातीवर हात ठेवून उत्तर दिले. नोकरी तिला तिच्या कामावर मिळाली. पण बोलायचा धीर त्या पहिल्या मिनिटात आला, असे ती सांगते.

आता विचारण्याकडे वळू, कारण या बाजूने आपण कमी पडतो. आपल्याला कुणी विचारत नाही, अशी तक्रार आपण करतो; पण आपण किती विचारतो? ईदचा शीरखुर्मा सगळ्यांना वाटतो. शेजारच्या टेबलावरची जैन मुलगी पर्युषणात काय खाते, हे मात्र कधी विचारलेले नसते. मणिपूरच्या मुलीला 'तू भारतातली का?' असे विचारणारे आमच्या वर्गातही निघतात, आणि त्यांत आपली मुलेही असतात. ज्याच्याकडे रोज संशयाने पाहिले जाते, त्याला दुसऱ्याकडे कुतूहलाने पाहण्याची सवय आपोआप लागत नाही. ती लावून घ्यावी लागते. आपल्या परंपरेत याचा मोठा धडा आहे. अल-बिरुनीने १०३० च्या सुमारास भारतावर ग्रंथ लिहिला. त्यासाठी तो संस्कृत शिकला. इथल्या लोकांना समजून घेण्यात कोणते अडथळे आहेत, हे त्याने सुरुवातीलाच मांडले, आणि त्यात पहिला अडथळा भाषेचा सांगितला. वाद घालण्यासाठी नव्हे, हे लोक काय मानतात ते त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे नोंदवण्यासाठी आपण लिहितो आहोत, अशी त्याची भूमिका होती. हजार वर्षांपूर्वीच्या या माणसापुढे दोन दिवसांचे प्रशिक्षण फिके वाटते.

विचारल्याशिवाय शब्दाचाही भरवसा धरू नये. उर्दूत 'तआरुफ' म्हणजे ओळख करून देणे. हाच शब्द इराणात गेला की आदबीचा शिष्टाचार होतो. तिथला टॅक्सीवाला पैसे विचारल्यावर 'राहू द्या' म्हणतो. आपण दोन-तीनदा आग्रह करायचा, मग तो घेतो. 'राहू द्या' हे खरे मानून उतरणारा पाहुणा गोत्यात येतो. लकडी पूल ओलांडून डेक्कनला, १९३५ पासून चालत आलेल्या गुडलक कॅफेत आम्ही हा किस्सा नव्या तुकडीला सांगतो. बिल आल्यावर मुले एकमेकांना 'राहू दे, राहू दे' म्हणू लागतात, तेव्हा तो त्यांना पुरता कळलेला असतो.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मुस्लिम सहकारी म्हटला की ऑफिस त्याला साऱ्या जगाच्या मुसलमानांचा वकील करते. कुठे काही घडले की दुपारच्या जेवणाला प्रश्न येतो, 'तुमच्यात याबद्दल काय म्हणतात?' आपला मुलगा घाम पुसत उत्तर देतो, समजावतो, खुलासे करतो. दोन वर्षांत तो थकतो. इकडे समाजात त्याला विचारतात, 'तुझे ऑफिसवाले आपल्याबद्दल काय बोलतात?' म्हणजे पुन्हा खुश्रूशेट! दोन्हीकडचे निरोप याने न्यायचे आणि दोन्हीकडचा संशयही याने सोसायचा. आम्ही मुलांना एक वाक्य पाठ करायला लावतो : 'मी माझे सांगू शकतो, सगळ्यांचे नाही.' हे नम्रपणे म्हणता येते, हसून म्हणता येते. आणि स्वतःचे सांगायला मात्र कचरायचे नाही. कायमचा दुभाषी होणे कुणाच्या नशिबी येऊ नये. ज्याला काही हवे आहे त्याने बोलावे, ज्याला काही कळायचे आहे त्याने विचारावे.

ही सवय लागते कुठे, असे आम्हांला पालक विचारतात. प्रशिक्षणात लागत नाही, घरात लागते. ज्या मुलाने घरात वडिलांपुढे कधी 'मला हे पटत नाही' असे म्हटलेले नाही, तो हिंजवडीत साहेबापुढे एकाएकी कसा म्हणेल? ज्या मुलीचे शिक्षण, नोकरी, लग्न सगळे तिला न विचारता ठरते, तिला मुलाखतीत 'तुमच्या अपेक्षा काय?' हा प्रश्न परका वाटणारच. वास्तविक आपल्याकडे निकाह हाच एक करार आहे. मुलीची कबुली त्यात विचारावीच लागते आणि निकाहनाम्यात अटी घालण्याची मुभाही आहे. पण कबुली विचारताना बाजूला दहा बायका 'हो म्हण, हो म्हण' करीत असतात, आणि अटींचा कागद कुणी उघडतही नाही. जी मुभा आपल्या दीनने दिली ती वापरायला जर्मन कंपनीची वाट का पाहावी?

आजी २०१९ साली वारल्या. वाडा आता पाडायचा आहे, बिल्डरचे लोक मापे घेऊन गेले. वर्गासाठी नवी जागा शोधतो आहोत. पेठेतच मिळावी अशी इच्छा आहे. नव्या तुकडीत पहिल्या दिवशी आम्ही इंग्रजीचे पुस्तक उघडत नाही. प्रत्येकाला कागद देतो आणि दोन ओळी लिहायला सांगतो : कामाच्या ठिकाणी माझी एक अट, आणि शेजारी बसलेल्याला विचारायचा एक प्रश्न. गेल्या तुकडीत बहुतेकांचा प्रश्न लगेच लिहून झाला. अटीची ओळ बऱ्याच जणांनी कोरी ठेवली. मुलींनी तर जवळजवळ सगळ्यांनी. ती ओळ भरेपर्यंत आम्ही पुढचा धडा घेत नाही.